सेकंड हँड एमजी ५ : कुटुंबासाठी स्वस्त इलेक्ट्रिक इस्टेट घेण्याआधीचा हिशेब

ब्रिटनमध्ये दहा हजार पौंडांच्या आसपास, चार-पाच माणसं आणि त्यांचं सामान नेणारी इलेक्ट्रिक गाडी शोधायला बसलं की फिरून फिरून एक नाव पुढे येतं ते एमजी ५ चं. २०२० च्या शेवटी ती तिथे आली तेव्हा त्या बाजारातली पहिली पूर्ण इलेक्ट्रिक इस्टेट होती. आता नवी मिळत नाही, सेकंड हँड मात्र भरपूर आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न हल्ली वारंवार निघतो, म्हणून सगळा हिशेब इथे एकत्र मांडला आहे.

इस्टेट म्हणजे छप्पर मागच्या दारापर्यंत सरळ नेलेली, लांब डिकीची गाडी. भारतात ही जात रुजली नाही. १९९२ मध्ये टेल्कोने पुण्यातून काढलेली टाटा इस्टेट आणि पुढची इंडिगो मरिना काहींना आठवत असेल, पण आपल्याकडे लोकांनी उंच गाड्यांनाच पसंती दिली. इलेक्ट्रिकच्या बाबतीत इस्टेटचा एक जादा फायदा आहे. गाडी बुटकी असल्याने वारा कमी अडतो आणि तेवढ्याच बॅटरीत ती उंच एसयूव्हीपेक्षा थोडी जास्त धावते.

आमचं मत आधीच सांगतो. दारात गाडी लावून चार्ज करण्याची सोय असेल, तर मोठ्या बॅटरीची एमजी ५ हा उत्तम सौदा आहे. ती सोय नसेल, तर किमतीतली स्वस्ताई दोन-तीन वर्षांत चार्जिंगच्या बिलात निघून जाते.

एका नावाखाली तीन गाड्या

जाहिरातीत नुसतं 'एमजी ५' लिहिलेलं असतं आणि गडबड तिथेच होते.

सुरुवातीच्या गाडीत ५२.५ युनिटची बॅटरी आहे. बॅटरीच्या जगात किलोवॅट-तास म्हणतात तेच आपल्या वीजबिलावरचं युनिट. त्यातली साधारण ४९ युनिटं प्रत्यक्ष वापरता येतात आणि कंपनीची अधिकृत रेंज २१४ मैल आहे. २०२१ मध्ये लाँग रेंज आली. तिची बॅटरी ६१.१ युनिटची, वापरायला सुमारे ५७ आणि रेंज २५० मैल. २०२२ मध्ये फेसलिफ्ट झालं. बॅटरी तीच, पण नाक, दिवे आणि आतला डॅशबोर्ड नवा. एसई आणि ट्रॉफी अशी दोन रूपं त्यात आली, पैकी महागड्या ट्रॉफीची अधिकृत रेंज २३५ मैल म्हणजे उलट थोडी कमी आहे.

पहिल्या दोन गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. चॅसी नंबर देऊन एमजीच्या डीलरकडून बॅटरीची क्षमता लेखी घ्या. आपोआप ब्रेक लावणं, लेन सांभाळणं वगैरे करणारी 'एमजी पायलट' यंत्रणा लाँग रेंजबरोबर आली, सुरुवातीच्या गाड्यांत ती नव्हती. मुलं घेऊन फिरणाऱ्यांसाठी आमच्या लेखी हे एक कारण लाँग रेंज घ्यायला पुरेसं आहे. मोबाइलवरून गाडी आधी गरम करून ठेवणारं आयस्मार्ट ॲप मात्र फेसलिफ्टपासूनच्या गाड्यांतच मिळेल.

सुरक्षेची माहिती इंटरनेटवर शोधताना एक घोळ होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये ज्या एमजी ५ ला सुरक्षा चाचणीत शून्य तारे मिळाले ती पेट्रोलवर चालणारी सेडान होती. नाव सारखं असलं तरी ती वेगळीच गाडी.

रेंजचा खरा आकडा कसा काढायचा

अधिकृत रेंज प्रयोगशाळेतली असते. तुमची रेंज काढायला दोनच आकडे लागतात, वापरता येणारी युनिटं आणि एका युनिटमागे मिळणारे मैल. दुसरा आकडा डॅशबोर्डवर दिसतो. उन्हाळ्यात गावातल्या रस्त्यांवर ही गाडी युनिटला चारच्या वर मैल देते. मोटरवेवर ताशी ७० मैलांच्या वेगाने उन्हाळ्यात ३.४ धरा, तर हिवाळ्यात पाऊस, थंडी आणि हीटर मिळून २.७ धरा.

आता लंडनजवळच्या स्लावहून उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअरला जायचं आहे असं समजू, म्हणजे साधारण २७० मैल. घरून १०० टक्के भरून निघायचं, १० टक्क्यांवर आल्यावर थांबायचं, ८० टक्क्यांपर्यंत भरायचं. ८० च्या पुढे चार्जिंग फार मंदावतं, म्हणून वाटेत त्यापुढे भरत बसू नये.

उन्हाळ्यात लाँग रेंज पहिल्या टप्प्यात ५७ च्या ९० टक्के, म्हणजे ५१ युनिटांवर सुमारे १७४ मैल जाते. थांबून भरलेली ७० टक्के, म्हणजे ४० युनिटं आणखी १३६ मैल देतात. बेरीज ३१० मैल, म्हणजे एकाच थांब्यात पोहोचता. हिवाळ्यात पहिला टप्पा १३८ मैलांचा आणि पुढचा १०८ चा, बेरीज २४६. उरलेल्या २४ मैलांसाठी आणखी दहा मिनिटांचा थांबा लागतो. सुरुवातीची छोटी बॅटरी हिवाळ्यात पहिल्या टप्प्यात ११९ आणि नंतर दर थांब्याला जेमतेम ९३ मैल देते. तिलाही दोन थांबे लागतात, पण दुसरा थांबा दहा मिनिटांत आटोपत नाही आणि तिचं चार्जिंगही सावकाश आहे.

हातातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेग कमी करणं. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७० वरून ६० वर आलात की तो चौथ्या हिश्शाहून जास्त घटतो आणि एकूण वापरात साधारण १५ टक्के वाचतात. पुढचा चार्जर बंद निघाला तर हे गणित उपयोगी पडतं.

हीटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच असतात. या गाडीत हीट पंप नाही. साधी विजेची कॉइल हवा गरम करते, म्हणजे एका युनिटला एकाच युनिटची उष्णता मिळते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत दुप्पट-तिप्पट काम होतं. परिणाम विचित्र दिसतो. तीन मैलांवरच्या शाळेत मुलांना सोडायला निघालात की गार पडलेली गाडी तापवायला जवळपास एक युनिट जातं आणि चालायलाही तेवढंच. युनिटला दीड मैल हा आकडा पाहून लोक घाबरतात आणि बॅटरी खराब झाली असं समजतात. बॅटरी ठीक असते. लांबच्या प्रवासात एकदा केबिन तापली की हीटर तासाला दीड-दोन युनिटांवर स्थिरावतो, म्हणजे दोन तासांत ५७ पैकी तीन-चार युनिटं. शाळेच्या फेऱ्यांत रेंज निम्मी झाली तरी बिघडत नाही, कारण रात्री गाडी घरीच येते. महागड्या रूपांत पुढच्या सीट तापतात. त्या वापरून हवेचं तापमान दोन अंश खाली ठेवलं तर बराच फरक पडतो, पण मागे बसलेल्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही.

घरचा चार्जर

भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर लाँग रेंजला रिकामी ते पूर्ण भरायला साधारण साडेआठ तास घेतो. तो बसवायला घराच्या वायरिंगनुसार ८०० ते ११०० पौंड लागतात. साध्या तीन पिनांच्या सॉकेटवरून ताशी २.३ युनिटं मिळतात, रात्रीच्या आठ तासांत १८, म्हणजे साठेक मैल. रोजची धाव तीस-चाळीस मैलांची असेल तर एवढ्यावरही भागतं. फक्त जुनं सॉकेट तासन्‌तास दहा अँपिअर ओढायला बनवलेलं नसतं, ते तापतं आणि काळं पडतं. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र वायर ओढून चांगलं सॉकेट लावून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, गुंडाळीचा तर अजिबात नाही. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते.

चार्जर बसवताना काम अडतं ते दोन ठिकाणी. जुन्या जोडघरांत शेजारच्या घराची वीज तुमच्या मीटरपाशी येणाऱ्या तारेतूनच पुढे गेलेली असते. त्याला तिथे लूप्ड सप्लाय म्हणतात. अशा घरी वीज वाहून आणणारी कंपनी आधी दोन्ही घरांच्या तारा वेगळ्या करते आणि त्यात काही आठवडे, कधी महिने जातात. दुसरी अडचण मुख्य फ्यूजची. तो ६० अँपिअरचा असेल, घरात विजेचा शॉवर आणि इंडक्शन असेल आणि त्यात गाडी लावली तर एकूण भार झेपत नाही. मुख्य तारेवर सेन्सर लावून भार वाढला की स्वतःहून वेग कमी करणारा चार्जर मागून घ्या. गाडी बुक करण्याआधी मीटरच्या पेटीचे फोटो इलेक्ट्रिशियनला पाठवले तर हे सगळं आधीच कळतं.

चार्जिंगचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला, नाकात आहे. म्हणजे ड्राइव्हवेत गाडी पुढून आत घालावी लागते आणि रस्त्यावर उलटी काढावी लागते. शाळेच्या वेळी रहदारी असलेल्या रस्त्यावर घर असेल तर हे रोज जाणवेल. केबल घेताना लांबी त्या हिशेबानेच निवडा.

बाहेरचं चार्जिंग आणि वर्षाचा खर्च

लाँग रेंजचा जलद चार्जिंगचा सर्वोच्च वेग ८७ किलोवॅट आहे. तो बॅटरी बरीच रिकामी आणि कोमट असतानाच मिळतो. सरासरी ६० धरा, म्हणजे १० ते ८० टक्क्यांना चाळीस मिनिटं. ३५० किलोवॅटच्या चार्जरला लावली तरी गाडी आपल्याच वेगाने घेणार, मग दर कमी असेल तर जास्त शक्तीच्या चार्जरचा आग्रह कशाला. सुरुवातीच्या गाडीला ८० टक्क्यांपर्यंत सुमारे पन्नास मिनिटं लागतात. थंडीत घरून निघाल्या निघाल्या जलद चार्जरवर गेलात तर वेग आणखी पडतो. तासभर मोटरवेवर चालवून मग लावा.

आता पैसे. वर्षाला १०,००० मैल आणि सरासरी युनिटला ३.५ मैल धरले तर २८५७ युनिटं लागतात. घरी चार्ज करताना वाया जाणारी दहाएक टक्के मिळवली की ३१५०. रात्रीच्या खास दराने, युनिटला ७ पेन्सने, वर्षाचे २२० पौंड होतात. घरच्याच पण दिवसाच्या २६ पेन्सच्या दराने ८२०. सगळं मोटरवेवरच्या ७५ पेन्सच्या चार्जरवर केलं तर २१०० च्या वर. गॅलनला ४० मैल देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच मैलांना ११३६ लिटर पिते. लिटरला १.३५ पौंड धरले तर १५३४ पौंड. म्हणजे एकच गाडी एका घरात पेट्रोलच्या सातव्या हिश्शात पळते आणि दुसऱ्या घरात पेट्रोलपेक्षाही महाग पडते. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जरवर २० टक्के, हेही त्यामागचं एक कारण. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ऑफिसच्या किंवा कौन्सिलच्या सावकाश चार्जरचा दर काढून वरच्या गणितात घालून पाहावा. ५० पेन्सच्या आसपास आला तर पेट्रोलशी जेमतेम बरोबरी होते, मग ही दगदग कशासाठी?

रोड टॅक्स आता माफ नाही. एप्रिल २०२५ पासून या गाड्यांना वर्षाला १९५ पौंड लागू झाले आणि ही रक्कम वाढत जाते. शिवाय एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलामागे ३ पेन्स आकारण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. १०,००० मैलांना ते ३०० पौंड होतात, म्हणजे घरी रात्री भरलेल्या विजेपेक्षाही जास्त.

माणसं आणि बॅगा

फेसलिफ्ट गाडीची डिकी सामानावरच्या आतल्या आडव्या झाकणापर्यंत ४७९ लिटर, मागच्या सीट पाडल्या की १३६७. इस्टेट या नावाला हे कमीच. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या इस्टेटमध्ये ६४० लिटर असतात. पण एमजी ४ या हॅचबॅकच्या ३६३ लिटरपुढे फरक डोळ्यांत भरतो. पुढच्या बॉनेटखाली सामानाला वेगळी जागा नाही, त्यामुळे चार्जिंगची केबल डिकीतच राहणार हेही धरा.

आपल्या घरांची खरी परीक्षा हीथ्रोला असते. आई-बाबा दोघांच्या चार मोठ्या बॅगा घेऊन उतरतात आणि घेऊन जायला आलेल्याबरोबर मागे मुलाची सीट लावलेली असते. ७६ सेंटिमीटर उंचीची मोठी बॅग साधारण १२० लिटरची, चार मिळून ४८०. कागदावर आकडा जुळतो, पण बॅगा पाण्यासारख्या कोपऱ्यात शिरत नाहीत. डिकीतलं ते आडवं झाकण काढून, बॅगा आडव्या रचून, छपरापर्यंत जागा वापरली तर बसतील, पण मग मागची काच झाकली जाते. शोरूमला जाताना दोन रिकाम्या बॅगा आणि प्रॅम बरोबर न्या. दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही परीक्षणातून कळत नाही.

वजनही मोजा. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली प्लेट असते. तिच्यावरच्या चार वजनांपैकी सर्वांत वरचं म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. पाच मोठी माणसं ७५ किलोंच्या हिशेबाने ३७५ किलो, त्यात २३ किलोंच्या चार बॅगा म्हणजे आणखी ९२. यावर छपरावर पेटी लावायचा विचार असेल तर मर्यादा ओलांडत नाही ना हे पाहा. पेटीने मोटरवेवरची रेंजही दहा ते वीस टक्क्यांनी घटते. मागे ओढायची मर्यादा ५०० किलो आहे, म्हणजे छोटी ट्रेलर चालेल, कॅराव्हॅन विसरा.

ब्रिटनच्या कायद्याने मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटरचं होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, योग्य सीट लागते. मागे दोन्ही कडेला आयसोफिक्स, म्हणजे मुलाची सीट अडकवायचे पक्के हुक आहेत. मध्ये तिसरी सीट बसवायची असेल तर आपल्याच सीट नेऊन लावून पाहा, कारण बहुतेक मोठ्या सीट शेजारी-शेजारी मावत नाहीत. मागे तोंड करून बसवायची सीट लावल्यावर तिच्या पुढच्या जागी उंच माणसाचे गुडघे कुठे टेकतात तेही बघा. आणि आई-बाबांना बसवून, उतरवून पाहा. बॅटरी खाली असल्याने मागचा तळ वर आलेला आहे, गुडघे उंचावतात आणि मांड्यांना आधार कमी मिळतो. शिवाय गाडी बुटकी, म्हणजे बसताना खाली वाकावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उंच गाडीच बरी पडते, हे मान्य केलेलं बरं. चालवणाऱ्यासाठी एक सूचना: सुरुवातीच्या गाड्यांत स्टीअरिंग वर-खाली होतं, जवळ-लांब होत नाही. लांब पायांच्या माणसाने आधी बसून पाहावं.

गाडी बघायला गेल्यावर

ही गाडी टॅक्सीवाल्यांची लाडकी होती. म्हणून स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या भाड्याने धावलेल्या असतात. ते आपोआप वाईट नाही. मोटरवेवर सलग धावलेल्या गाडीची बॅटरी बऱ्याचदा ठणठणीत असते, पण सीट, दारं आणि सस्पेन्शन झिजलेलं असतं. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का या सक्तीच्या तपासणीचा इतिहास फुकट दिसतो, प्रत्येक वेळच्या मैलांसकट. वर्षाला तीस-चाळीस हजार मैल दिसले किंवा तीन वर्षं पूर्ण होण्याआधीच एमओटी झालेली दिसली, तर टॅक्सीचा संशय घ्या.

वॉरंटी सात वर्षं किंवा ८०,००० मैल, जे आधी होईल ते, आणि ती नव्या मालकाकडे जाते. टॅक्सी म्हणून वापरली असेल किंवा वार्षिक सर्व्हिसिंग चुकलं असेल तर ती पूर्ण लागू आहे का, हे डीलरकडून लेखी घ्या.

बॅटरीची तब्येत डॅशबोर्डवरच्या रेंजवरून ठरवू नका. तो आकडा मागच्या चालकाच्या सवयीवर बेतलेला असतो. बॅटरीच्या आरोग्याचं प्रमाणपत्र मागा किंवा ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटला, वीस-तीस पौंडांचं उपकरण लावून मोबाइलवर टक्के वाचा. साठ हजार मैलांपर्यंत ९० च्या वर असेल तर निश्चिंत राहा. वाचन घेण्याआधी गाडी घरच्या सावकाश चार्जरवर १०० टक्के भरून थोडा वेळ तशीच लावून ठेवलेली असावी. त्या वेळात सगळे सेल एका पातळीवर येतात. नेहमी जलद चार्जरवरच भरलेल्या गाडीत सेल वर-खाली झालेले असतात आणि आकडा उगाच कमी दिसतो. घेतल्यावरही महिन्यातून एकदा अशी पूर्ण भरणी करावी.

ट्रायलच्या दिवशी सावकाश आणि जलद असे दोन्ही चार्जर लावून पाहा. दोन्हींसाठी गाडीत वेगवेगळे भाग काम करतात आणि घरचा चार्जर चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही. मागच्या चाकांच्या डिस्क वाकून बघा. मोटरच गाडी थोपवत असल्याने ब्रेक क्वचित लागतात आणि ओल्या हवेत डिस्कला गंज धरतो. खरखर आवाज आला तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात, कारण सगळा जोर पुढच्या चाकांवर असतो. जादा चाक नसतं, पंक्चरचा फेस आणि पंप असतो. तो जागेवर आहे आणि फेसाची तारीख उलटलेली नाही, हे पाहा.

डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा वेगवेगळे इशारे पेटले तर मोठी बॅटरी गेली असं वाटतं. बहुतेकदा दोष बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा असतो. मोठ्या बॅटरीचा स्विच जोडायला तीच लागते, त्यामुळे ती मेली की ५७ युनिटं भरलेली गाडीही जागची हलत नाही. चार वर्षांची झाली असेल तर शंभरेक पौंडांत नवी बसवून टाका.

पैसे देण्याआधी विम्याचे दर काढा, कारण नव्याने लायसन्स मिळालेल्यांना ते जबर पडतात. आणि ब्रिटनमध्ये आधीच्या मालकाने भरलेला रोड टॅक्स नव्या मालकाला मिळत नाही. लॉगबुकमधल्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातल्या हिरव्या पावतीवरचा नंबर वापरून ऑनलाइन टॅक्स भरा आणि मगच गाडी तिथून बाहेर काढा.